साठ दिवसांचे मौन

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर 'ताबा सूचना' अशा मथळ्याच्या चौकटी छापून येतात. कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, थकीत रक्कम, सिटी सर्व्हे नंबर, घराच्या चतुःसीमा. आमच्या मोहल्ल्यात ही चौकट कुणी वाचत नाही असे समजू नका. फार बारकाईने वाचली जाते. नाव ओळखीचे निघाले की दुपारपर्यंत गल्लीभर होते, 'अमक्याचे घर गेले!' मग दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणतो, 'ऐपत नव्हती तर कर्ज काढलेच कशाला?' दुसरा म्हणतो, 'सूद का पैसा था, बरकत कैसे होती?' आणि ज्याचे नाव छापून आले तो बिचारा जुम्म्याला मान खाली घालून शेवटच्या सफात उभा राहतो, सलाम फिरला की चपला शोधून निघून जातो.

या दोन्ही प्रतिक्रिया देणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. त्याहून मोठे भांडण कायद्याशी आहे. आणि थोडेसे त्या मान खाली घालणाऱ्याशीही आहे. कारण घर अजून गेलेले नसते. त्या चौकटीत ताब्याची जी तारीख असते, त्या तारखेपासून त्याच्या हातात ४५ दिवस असतात. ते कुणी त्याला सांगत नाही. शेजारी सांगत नाही, जमात सांगत नाही. बँकेने सांगावे अशी अपेक्षाच चुकीची.

आधी कायद्याकडे पाहू. इंग्रजांनी १८८२ साली मालमत्ता हस्तांतरण कायदा केला. त्याच्या ६९व्या कलमात एक गंमत आहे. गहाण घेतलेली मालमत्ता कोर्टाची पायरी न चढता परस्पर विकायची, तर ते गहाण 'इंग्लिश मॉर्गेज' या प्रकारचे हवे, आणि देणारा-घेणारा यांपैकी कुणीही हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध नसावा. मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा शहरांतल्या मालमत्तांसाठी आणि सरकारच्या स्वतःच्या कर्जासाठी वेगळ्या वाटा होत्या. पण बाकी मुलखात तुमच्या-आमच्या आजोबांचे घर विकायचे तर सावकाराला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे. हिशोब दाखवावा लागे. न्यायाधीशाला पटवावे लागे. इंग्रज सरकार काही दयाळू नव्हते. पण १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ते त्या सरकारने पाहिले होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करून, खतावरच्या आकड्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यांनी कोर्टांना दिला होता. पैसे देणारा आणि घर यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा उभा असला पाहिजे, एवढे परक्या राज्यकर्त्यालाही कळले होते.

२००२ साली आपल्याच संसदेने त्या तिसऱ्याला बाजूला केले. 'सरफेसी' या नावाने ओळखला जाणारा तो कायदा. त्याचे १३वे कलम सुरुवातीलाच त्या जुन्या ६९व्या कलमाला दूर सारते. ९० दिवस हप्ता थकला की खाते 'अनुत्पादक' ठरते. मग ६० दिवसांची मागणी-नोटीस. ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरली नाही, तर बँकेने ताबा घ्यावा, विकावे, वसूल करावे. ताब्यासाठी मदत लागली तर १४व्या कलमाखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. दिवाणी कोर्टाचे दार ३४व्या कलमाने कर्जदाराला बंद. मोठमोठे उद्योगपती हजारो कोटी बुडवतात, त्यांना आवर घालायला हा कायदा आणला असे तेव्हा सांगितले गेले. २०२० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. तो खटला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा होता. म्हणजे उद्योगपतीसाठी विणलेले जाळे आता पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत आणि शिलाई मशीनवाल्यापर्यंत पोचले आहे.

या कायद्याचे मूळ रूप तर याहून कठोर होते. बँकेने ताबा घेतल्यावर कर्जदाराला न्यायाधिकरणात दाद मागायची असेल, तर आधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरा आणि मग बोला! ज्याला हप्ता भरता येत नाही त्याने पाऊण कर्ज भरून तक्रार करायची. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवून रद्द केली. कायदा टिकला, पण त्याचा सर्वांत विषारी दात पडला. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेने ती विचारात घेतली पाहिजे आणि नाकारायची तर कारण कळवले पाहिजे, हेही त्याच निकालाने सांगितले आणि पुढे ते कायद्यात आले. आज हे उत्तर १५ दिवसांत द्यावे लागते. (वरच्या अपिलात मात्र आजही निम्मी रक्कम भरावी लागते, फार तर ती पाव भागापर्यंत खाली येते. म्हणून पहिल्याच पायरीवर नीट उभे राहणे महत्त्वाचे.)

आता हिशोब मांडा. कायद्याने घराच्या मालकाला काय ठेवले आहे? मागणी-नोटिशीनंतर ६० दिवस हरकत घेण्यासाठी. बँकेचे उत्तर १५ दिवसांत. ताबा-सूचना घरावर चिकटवणे आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापणे बँकेवर बंधनकारक, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे १७व्या कलमाखाली अर्ज. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराची किंमत ठरवणे, आणि पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस. मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या २० टक्क्यांहून कमीच येणे उरले असेल तर या कायद्याखाली कारवाईच करता येत नाही. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत पूर्ण थकबाकी खर्चासह भरली तर विक्री थांबलीच पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीपासून ही मर्यादा अशी आखली गेली आहे. त्यानंतर धावाधाव करून उपयोग नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, न्यायाधिकरणात वकील लावलाच पाहिजे असे नाही. कर्जदार स्वतः उभा राहून आपली बाजू मांडू शकतो. कर्ज १० लाखांच्या आतले असेल तर अर्जाचे शुल्क दर लाखामागे ५०० रुपये आहे. एवढे पैसे आमच्या मोहल्ल्यात मंगनीच्या मिठाईवर खर्च होतात.

मग आमचा माणूस का जात नाही?

पहिले कारण भाषा. इथे कायद्याची थट्टा कळसाला पोचते. तुमचे घर घेतले हे जगाला मराठीत ओरडून सांगायचे, असा नियम आहे. पण तुम्ही आपली कैफियत मराठीत लिहून नेली तर? न्यायाधिकरणाच्या कार्यपद्धतीचे नियम इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषा ओळखतात. बाकी कोणत्याही भाषेतला कागद भाषांतर जोडल्याशिवाय चालत नाही. बदनामी मातृभाषेत, सुनावणी परभाषेत! मागणी-नोटीस तर बहुधा इंग्रजीतच येते, आणि ज्याने कर्जाच्या पन्नास पानांवर एजंटाच्या बोटामागे बोट फिरवत सह्या केल्या, तो ती नोटीस उघडून पाहतो, बँकेचे नाव ओळखतो आणि कपाटात कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवून देतो. तिथे तिचे ६० दिवस संपतात. घरे कर्जापेक्षा या मौनानेच जास्त बुडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या शाळेतल्या एका पालकांची हकीकत सांगतो. सोलापुरात शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, त्यांतले ते एक. शिक्षण उर्दूतून बारावीपर्यंत. घर तारण ठेवून मशिनी घेतल्या. २०२० साली शाळा बंद झाल्या, युनिफॉर्म कोण घेणार? हप्ते थकले. २०२१ च्या अखेरीस नोटीस आली, तेव्हा थकबाकी साडेसात लाखांच्या घरात होती. वकिलांनी सांगितलेली फी त्यांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. त्यांनी ठरवले, आपणच लढायचे. हिंदीत हरकतीचा अर्ज लिहिला, आमच्या हिंदीच्या शिक्षिकेने तो शुद्ध करून दिला, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि पोचपावती जपून ठेवली. अर्जात दोनच मुद्दे. एक, खात्याचा पूर्ण उतारा द्या. दोन, रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्त्यांना सवलत दिली होती. त्या सहा महिन्यांवर व्याजावर व्याज किंवा दंडव्याज लावू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २३ मार्च २०२१ चा निकाल आहे. ते लावले आहे का ते सांगा.

बँकेने उत्तर दिले नाही. ताबा-सूचना दारावर लागली. चाळिसाव्या दिवशी त्यांनी पुण्याला जाऊन अर्ज दाखल केला. शुल्क चार हजार रुपये. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) एवढ्याच शहरांत बसतात. सोलापूरहून पहाटेची गाडी, संध्याकाळी परत. कधी नुसती पुढची तारीख घेऊन परत. पहिल्या सुनावणीला वकील कोण, असे विचारले गेले तेव्हा ते म्हणाले, 'साहब, मैं ख़ुद.' हातात एकच कागद होता, तारखांचा. नोटीस कधी आली, हरकत कधी पोचली, उत्तर कधी यायला हवे होते. बँकेच्या वकिलांनी उत्तर पाठवल्याचे सांगितले, पण पाठवल्याचा पुरावा दाखवता आला नाही. एक लाख रुपये ठरल्या मुदतीत भरण्याच्या अटीवर लिलावाला स्थगिती मिळाली. बायकोच्या पाटल्या आणि भावाची उधारी मिळून लाख उभा राहिला. पुढे बँक स्वतःच तडजोडीला बसली, वादातले दंडव्याज सोडले, उरलेल्याचे हप्ते पाडून दिले. घर राहिले. कर्जही फिटत आहे.

यात चमत्कार नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण चमत्कार विकणारेही बाजारात आहेत. 'बँकेने तुम्हाला स्वतःचे पैसे दिलेच नाहीत, वहीत नुसता आकडा लिहिला, म्हणून कर्जच अस्तित्वात नाही' असे सांगून कर्जदाराकडून पैसे उकळणारे सल्लागार आम्ही पाहिले आहेत. ही युक्ती जुनी आणि परदेशी आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९६८ साली जेरोम डॅली नावाच्या गृहस्थाने आपल्या गहाण घरासाठी स्वतःच कोर्टात उभे राहून हाच युक्तिवाद केला होता. कर्ज होते १४ हजार डॉलरचे. गावपातळीच्या कोर्टात ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि त्या निकालाची कीर्ती आजवर सांगितली जाते. सांगितले जात नाही ते हे, की तो निकाल पुढे टिकला नाही आणि डॅली पेशाने वकील होता, त्याची सनदही अखेर गेली. एकट्याने लढणाऱ्याची ताकद तारखा, पोचपावत्या आणि हिशोब यांत असते. 'कर्ज नाहीच' म्हणणारा पहिल्या पाच मिनिटांत हरतो. 'कर्ज आहे, पण किती आहे ते दाखवा आणि नियमाने घ्या' म्हणणाऱ्याचे ऐकावे लागते.

आता 'ऐपत नव्हती तर कर्ज काढलेच कशाला' म्हणणाऱ्यांना उत्तर. कर्ज फेडलेच पाहिजे, यात दुमत नाही. बँकेतला पैसा बँकेचा नसतो. त्यात कुणा विधवेची ठेव असते, कुणा हमालाची पिग्मी असते. पण त्याच न्यायाने पंधरा लाखांचे घर आठ लाखांना लिलावात गेले तर सात लाख कुणाचे बुडाले? नोटीस नीट बजावली का, किंमत नीट ठरवली का, हिशोब बरोबर आहे का, हे विचारणे म्हणजे बुडवेगिरी नव्हे. एवढे विचारायलाही जो लाजतो, त्याची लाज दुसऱ्याचा नफा होते.

दुसरे उत्तर 'सूद का पैसा' म्हणणाऱ्यांना, आणि ते जास्त कडक आहे. व्याजाबद्दल दीन काय सांगतो ते आम्हाला ठाऊक आहे. पण कर्जाबद्दल दीन तेवढेच सांगत नाही. सूरह बकरात अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत मुदत देण्याची शिकवण आहे. त्याच सूरहमधली कर्जाच्या लिखापढीची आयत ही कुराणातली सर्वांत लांब आयत. त्यात कर्ज लिहून ठेवायला सांगितले आहे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे सांगितले आहे, आणि मजकूर कर्जदाराने सांगावा असे सांगितले आहे. ज्याच्यावर देणे आहे, बोलायचे त्याने! चौदाशे वर्षांपूर्वी कर्जदाराच्या तोंडी शब्द दिला गेला, आणि आमच्या मोहल्ल्यात तोच कर्जदार तोंड लपवतो, कारण आपण त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे झालो. बिनव्याजी घर घ्यायची सोय जमातीने किती जणांना करून दिली? नाही ना दिली? मग ज्याने भाड्याच्या खोलीत लेकरे वाढवण्यापेक्षा हप्त्याचे घर पत्करले, त्याच्यावर फतवा झाडण्याआधी त्याच्यासोबत एकदा पुण्याची पहाटेची गाडी पकडावी.

या लपवाछपवीची सर्वांत मोठी किंमत बाई मोजते. घरकर्जाच्या कागदावर अनेकदा बायकोचीही सही असते, ती सहकर्जदार असते. पण नोटीस आल्याचे नवरा तिला सांगत नाही. दारावर कागद चिकटतो तेव्हा तिला कळते. आणि गंमत अशी की कायद्याने दिलेली मोठी सवलत तिच्याच हातात असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत कोर्ट म्हणजे न्यायाधिकरणही येते. म्हणजे नवऱ्याने जी गोष्ट बायकोपासून लपवली, तिच्यातून सुटण्याची एक वाट बायकोच्या नावावरच होती! आपल्या किती बहिणींना हे ठाऊक आहे? निकाहनाम्यावर आणि कर्जाच्या कागदावर सही करताना त्यांना कागद वाचू द्या, एवढी साधी गोष्ट आपल्याला अजून जमत नाही.

आमची मागणी काय? सरकारकडे तीन. मागणी-नोटीस कर्जदाराला वाचता येते त्या भाषेत द्या, आणि तिच्यातच ६०, १५ आणि ४५ हे तीन आकडे ठळक छापा. महाराष्ट्रात बसणाऱ्या न्यायाधिकरणात मराठी कागद मराठीतच स्वीकारा. भाषांतराचे ओझे उपसायला बँकेचे खांदे रुंद आहेत. आणि वकिलाशिवाय येणाऱ्यासाठी तिथे मदतीचे एक टेबल ठेवा, जिथे अर्जाचा नमुना मिळेल आणि माणसासारखे बोलणारे कुणी असेल.

आपल्या लोकांकडेही तीन. मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळांशेजारी हे तीन आकडे लिहा. प्रत्येक मोहल्ल्यात दोन शिकलेली पोरे अशी तयार करा की जी नोटीस वाचतील, हरकतीचा अर्ज लिहितील आणि ही गोष्ट गल्लीत सांगत फिरणार नाहीत. आणि तिसरी मागणी आमच्या पेशाकडे, शाळेकडे. नववी-दहावीच्या पुस्तकांत अर्ज शिकवतात. बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवसांची रजा, दाखल्याची प्रत, वाचनालयाचे सभासदत्व. हा सगळा विनंतीचा अभ्यासक्रम आहे. हरकतीचा अर्ज त्यात कुठेच नाही. 'आपणाकडून आलेली अमुक तारखेची नोटीस मला मान्य नाही, कारणे पुढीलप्रमाणे' हे एक वाक्य पोराला उर्दूत, मराठीत आणि हिंदीत लिहिता आले, तर त्याच्या बापाचे घर वाचू शकते. ते शिकवायला शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. खडू आपल्या हातात आहे.

या अंकाचे वाचक शिकलेले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कपाटात, खालच्या फळीवर, एक न उघडलेला लिफाफा असेलच. तो आज काढा, त्यावरची तारीख पाहा आणि दिवस मोजा.